व्यायाम करताना ठोका चुकतो तेव्हा: कधी सोडून द्यायचं, कधी थांबायचं, कधी १०८ ला फोन करायचा

सिंहगडाची आतकरवाडीची वाट मी गेली बारा-तेरा वर्षं रविवारी चढतो आहे. तीन वर्षांपूर्वी असाच एकदा वर पोचलो, ताकवाल्या मावशींपाशी टेकलो आणि छातीत एकदम पोकळी झाली. पाठोपाठ एक दणका. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं काहीसं. ताकाचा पेला संपेपर्यंत आठ-दहा वेळा तेच झालं. सोबतच्या मंडळींनी निदान केलं: गॅस. सोमवारी घराजवळच्या दवाखान्यातही गॅसच ठरला आणि गोळी मिळाली. त्या गोळीची गोष्ट पुढे येईल.

यथावकाश हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो, तपासण्या झाल्या आणि ठोके निरुपद्रवी निघाले. तेव्हापासून आमच्या गटात कुणाची छाती फडफडली की तो माझ्याकडे येतो. मी डॉक्टर नाही आणि इथे उपचार सांगणार नाही. डॉक्टरांकडे कधी जायचं, किती घाईनं जायचं आणि जाताना काय घेऊन जायचं, एवढंच सांगतो. ठोका चुकला म्हणून घाबरण्याआधी तीन गोष्टी बघायच्या असतात: तो कुठल्या टप्प्यावर चुकला, त्याच्यासोबत आणखी काय झालं, आणि हृदय कुणाचं आहे.

पायरी १: ‘धडधड’ म्हणजे नेमकं काय, ते ठरवा

आपण एकाच शब्दात चार वेगळ्या गोष्टी कोंबतो.

पहिली म्हणजे ठोका चुकणं. खरं तर तो चुकत नाही, वेळेआधी येतो. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा एक पुंजका असतो, तो ठेका धरतो. कधीकधी दुसऱ्याच ठिकाणच्या पेशी मध्येच आगाऊ थाप मारतात. हृदय पुरतं भरलेलं नसल्यामुळे ही थाप पोकळ जाते, मनगटाला अनेकदा कळतही नाही. मग क्षणभर विराम. त्या विरामात हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं आणि पुढचा ठोका दणकन बसतो. आपल्याला जाणवतो तो हा विराम आणि हा दणका. डॉक्टर याला एक्टोपिक म्हणतात, आणि ठोका खालच्या कप्प्यातून आला असेल तर व्हीपीसी किंवा पीव्हीसी. चोवीस तास ठोके नोंदणारं यंत्र लावलं तर धडधाकट माणसांतही असे ठोके सर्रास सापडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे बटण दाबल्यासारखी सुरू होणारी धडधड. १३० वर चाललेली नाडी पुढच्याच क्षणी १९०, एकदम तालात, आणि थांबलं तरी उतरत नाही. मग जशी आली तशी एका झटक्यात बंद. ही बहुधा एसव्हीटी असते. हृदयातल्या विजेच्या मार्गात एक जास्तीची वाट जन्मापासून असते आणि वीज तिथे गोल गोल फिरत राहते. तरुणांत हे पुष्कळदा दिसतं.

तिसरी, पूर्ण बेताल फडफड. इथे ठेका असा उरतच नाही. ही एट्रियल फिब्रिलेशन असू शकते. यात वरच्या कप्प्यांत रक्त साकळून गुठळी मेंदूत जाण्याचा धोका असतो, म्हणून ‘आपोआप थांबलं ना’ म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नव्हे. लांब पल्ल्याची मंडळी इथे कान टवकारतील: स्वीडनमधल्या ९० किलोमीटरच्या वासालोपेट स्की शर्यतीत भाग घेणाऱ्यांचा अभ्यास झाला, तेव्हा जास्त शर्यती पूर्ण करणाऱ्यांत आणि जास्त वेगानं पूर्ण करणाऱ्यांत हा विकार अधिक आढळला. व्यायामानं हृदय सुधारतं हे खरंच आहे, पण वर्षानुवर्षं टोकाचा व्यायाम करणाऱ्याला या एका बाबतीत सूट मिळत नाही.

चौथी, नुसती जोरात पण तालात चाललेली धडधड. चढावर ती असायचीच.

पायरी २: त्या क्षणी काय करायचं

पळत असाल तर गचकन थांबू नका, चालीवर या. एकदम थांबलं की पायांतलं रक्त तिथेच साठतं, रक्तदाब पडतो आणि ठोक्यांच्या काळजीत चकरेची भर पडते. अर्थात चक्कर आधीच येत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर चालत बसू नका. तिथेच बसा किंवा आडवे व्हा आणि सोबतच्याला सांगा. सांगायची लाज वाटते, हे मला माहीत आहे. तरी सांगा.

मग नाडी बघा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, अंगठा वापरू नका. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायची सवय इथे उपयोगाची नाही, कारण ताल चुकलेला असला की पंधरा सेकंदांचा नमुना फसवतो. मोजताना दुसऱ्या हातानं मांडीवर ताल धरा. ‘तालात चालू आणि मध्येच एक गाळलेली मात्रा’ हे वेगळं आणि ‘सम कुठे आहे तेच कळत नाही’ हे वेगळं, आणि हा फरक डॉक्टरांना सांगता आला तर अर्धं काम होतं.

घड्याळ ईसीजी काढणारं असेल तर बसून, हात स्थिर ठेवून तीस सेकंदांची पट्टी घ्या आणि जपून ठेवा. ही पट्टी मोलाची असते. चालताना दिसणाऱ्या नाडीच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. मनगटावरचा हिरवा दिवा रक्ताची लाट मोजतो, विजेचा ठोका मोजत नाही. पळताना तो पावलांनाच ठोके समजतो, म्हणून मिनिटाला १७० पावलं पडत असली की नाडीही १७० दाखवतो आणि माणूस उगाच घाबरतो. उलटही होतं. एकाआड एक पोकळ ठोका येत असेल तर खरी गती १४० असताना घड्याळ ७० दाखवू शकतं. छातीचा पट्टा यापेक्षा बराच खरा. घड्याळात ‘ताल अनियमित आहे’ असं सांगणारी सोय असते, तीही सहसा स्वस्थ बसलेलं असताना तपासणी करते. चढावर ती गप्प राहिली याचा अर्थ सगळं ठीक आहे असा नाही.

पायरी ३: चढताना, टोकाला, की थांबल्यावर?

माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती या प्रश्नाच्या उत्तरात असते, आणि नेमका हाच प्रश्न कुणी विचारत नाही.

बसल्या जागी, विशेषतः रात्री डाव्या कुशीवर झोपल्यावर ठोके जाणवतात, व्यायाम सुरू झाला की गायब होतात: हे बहुधा चांगलं लक्षण. गती वाढली की सायनस नोड इतक्या झपाट्यानं ठेका देतो की आगाऊ थापांना मध्ये शिरायला फट मिळत नाही. थांबल्यावर पहिल्या काही मिनिटांत पाच-दहा ठोके चुकणंही पुष्कळांना होतं. तेव्हा गती उतरत असते, पण रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन अजून ओसरलेलं नसतं. माझं ताकवालं प्रकरण यातलंच. तरीही ‘थांबल्यावरचे म्हणजे बिनधोक’ असा नियम करून टाकू नका. थांबल्यावर ते ढिगानं आले, एकापाठोपाठ एक आले, तर डॉक्टर त्याची गंभीर दखल घेतात.

आता उलट चित्र. सपाटीवर काही नाही, चढ लागला की सुरू, चढ वाढेल तसे ठोके वाढतात, वेग कमी केला की कमी होतात. हे तपासून घेतल्याशिवाय पुढच्या रविवारी बूट घालायचे नाहीत. वय ३५ च्या पुढे असेल तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा हा पहिला संशयित. तो तरुणांतही असू शकतो, पण तिथे यादी वेगळी: हृदयाचा स्नायू जाड होणं, उजव्या कप्प्याच्या स्नायूत जन्मजात दोष, रक्तवाहिनीचा उगमच चुकीच्या जागी असणं, किंवा हृदयाचा आकार अगदी व्यवस्थित पण विजेचा दोष. अशा एका दोषात, लाँग क्यूटीच्या पहिल्या प्रकारात, पोहणं हे ठरलेलं निमित्त असतं.

म्हणून घरात विचारा. आपल्याकडे कारण लिहून ठेवायची पद्धत नाही. ‘काका अचानक गेले’, ‘मामा चांगला पोहणारा होता, विहिरीत बुडाला’, ‘आत्याचा मुलगा झोपेतच गेला’ एवढंच सांगितलं जातं. पन्नाशीच्या आतला असा एक जरी मृत्यू जवळच्या नात्यात असेल, तर तुमच्या साध्या ठोक्याचंही वजन बदलतं. आईला किंवा आजीला अर्धा तास बसवून हे विचारून घ्या.

पायरी ४: किती घाई करायची?

खालीलपैकी काहीही झालं तर व्यायाम तिथेच थांबवा आणि १०८ ला फोन करा:

- पळता-पळता किंवा चढता-चढता शुद्ध हरपली. अर्ध्या मिनिटात उठून ‘काही नाही, बरा आहे’ म्हणत असला तरीही.
- छातीत दाब, जडपणा, जळजळ, किंवा जबडा, खांदा, पाठ, हात यांत पसरणारं दुखणं. सोबत गार घाम.
- बसूनही न उतरणारा दम.
- पंधरा-वीस मिनिटं स्वस्थ बसूनही नाडी १५० च्या वरच.
- तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं.

शुद्ध हरपण्याबद्दल थोडं जास्त सांगतो. शर्यतीची रेघ ओलांडून थांबल्यावर माणूस कोसळतो, तेव्हा बहुतेकदा पायांत साठलेलं रक्त, ऊन आणि पाण्याची कमतरता यांचा तो परिणाम असतो. तपासायचं तेही. पण ऐन धावेत, पाऊल पुढे पडत असताना कोसळणं ही निराळी गोष्ट आहे. तिथे हृदयाला संशयाचा फायदा द्यायचा नाही, आणि ‘नाश्ता केला नव्हता’ हे कारण तर मुळीच स्वीकारायचं नाही.

दुसरा गट: जीव धोक्यात आहे असं वाटत नाही, पण चार-आठ दिवसांत दाखवायलाच हवं. चढासोबत वाढणारे ठोके. ठोक्यांसोबत चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी. बटण दाबल्यासारखी धडधड. पूर्ण बेताल नाडी, मग ती थांबलेली असली तरी. घरातला तो अचानक मृत्यू. आधीपासूनचा हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब. नुकताच होऊन गेलेला ताप. आणि एक जे लोकांच्या लक्षात येत नाही ते म्हणजे ज्या चढाला पूर्वी पन्नास मिनिटं लागायची त्याला विनाकारण सत्तर लागणं. तोवर व्यायाम म्हणजे गप्पा मारत चालण्यापुरता.

आणि आपण भारतीय, हेही मोजायचं. इंटरहार्ट या ५२ देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतर देशांत तो ५९ च्या आसपास होता. ‘अजून साठी कुठे आली’ हे आपल्यासाठी उत्तर नाही.

यांतलं काहीच नसेल, म्हणजे एखाद-दुसरा ठोका, तोही थांबल्यावर, सोबत काही नाही, घरात काही नाही, तर धावपळ नको. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा, एक साधा ईसीजी काढा आणि पुढची पायरी करा.

पायरी ५: दोन आठवडे वहीत लिहा

तारीख, वेळ, काय करत होता, ठोके कधी आले, किती टिकले, सोबत काय. शिवाय आदल्या रात्रीची झोप, दारू, चहा-कॉफी आणि औषधं.

माझ्या वहीत चौथ्याच दिवशी चित्र स्पष्ट झालं: शनिवारची रात्र पाच तासांची आणि पहाटे निघताना दोन कप कडक कॉफी. कॉफीमुळे सगळ्यांचेच ठोके वाढतात असं नाही. तुमचे वाढतात का, ते दोन आठवडे बंद करून बघावं लागतं. व्यायामशाळेत मिळणारी ‘प्री-वर्कआउट’ पावडर घेत असाल तर डबा उलटा करून वाचा. एकेका चमच्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन सहज असतं, आणि निरोगी प्रौढानं दिवसभरात मिळून ४०० च्या आत राहावं असं सांगतात.

औषधांत नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, दम्याचा सॅल्ब्युटामोलचा पंप, थायरॉइडची गरजेपेक्षा जास्त मात्रा ही नेहमीची कारणं. आणि आता ती गॅसची गोळी: तिच्यात डॉमपेरिडोन होतं. कितीतरी लोक ते घेतात आणि त्यांना काही होत नाही. पण दर ठोक्यानंतर हृदयाला विजेच्या दृष्टीनं पूर्ववत व्हायला जो वेळ लागतो, तो हे औषध लांबवू शकतं आणि त्यातून ताल बिघडू शकतो, अ‍ॅझिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकच्या जोडीनं अधिकच. ठोके चुकतात म्हणून आलेल्या माणसाला ईसीजी न काढता हे देणं मला आजही पटत नाही. मात्र स्वतःच्या मनानं चालू औषध, विशेषतः बीटा ब्लॉकर (ठोक्यांची गती आवरणारं औषध), एकदम बंद करू नका. त्यानं उलट उसळी येते.

रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), पोटॅशियम आणि मॅग्नेशियम मागून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. जिना चढताना होणाऱ्या ज्या धडधडीला घरात ‘टेन्शन’ म्हणून मोडीत काढलं जातं, तिचं मूळ कितीदा तरी इथे असतं.

पायरी ६: तपासणी करून घ्या, पण नीट

साधा ईसीजी दहा सेकंदांचा. तो चांगला आला याचा अर्थ त्या दहा सेकंदांत काही घडलं नाही. टू-डी इको हृदयाची रचना दाखवते, आणि ती व्यवस्थित असेल तर निम्मी चिंता मिटते. खरी गोम पुढच्या दोन तपासण्यांत आहे.

टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी. यात दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. वयानुसार अपेक्षित कमाल नाडीच्या (२२० वजा वय) ८५ टक्क्यांना पोचलं की पुष्कळ ठिकाणी यंत्र थांबवतात. माझ्यासारख्या पन्नाशीच्या माणसासाठी तो आकडा १४५ च्या आसपास येतो. पण ठोके चुकतात १६५ ला, तर मग तपासलं काय? म्हणून आधीच सांगा: ‘डॉक्टर, मला त्रास अमुक गतीला होतो. चालणार असेल तर तिथपर्यंत न्या, आणि थांबल्यावरही पाच-सहा मिनिटं नोंद चालू ठेवा.’ अहवालावरचा ‘निगेटिव्ह’ हा शब्द रक्तपुरवठ्याबद्दल असतो. ठोके दिसले का, कधी दिसले, सलग आले का, हे वेगळं विचारा.

होल्टर म्हणजे चोवीस तास किंवा जास्त वेळ अंगावर बाळगायचा ईसीजी. ज्यांच्या नावानं हे यंत्र ओळखलं जातं त्या अमेरिकी नॉर्मन होल्टर यांचं पहिलं यंत्र पाठीवर घ्यायचं होतं, वजन अडतीसेक किलो. आता ते खिशात मावतं. तरी लोक ते लावून दिवसभर सोफ्यावर बसतात! डॉक्टरांची परवानगी असेल तर ते लावूनच आपला नेहमीचा चढ चढा. घामानं चकत्या सुटतात, म्हणून तंत्रज्ञाकडून जास्तीच्या चिकटपट्ट्या मागून घ्या, आणि ठोका जाणवला की वेळ टिपा.

अहवालात एकूण ठोक्यांपैकी किती टक्के आगाऊ, ते बघा. दिवसाला सुमारे एक लाख ठोके पडतात. माझे आगाऊ ठोके दोन टक्क्यांच्या आत होते. हे प्रमाण महिनोन्महिने दहा टक्क्यांच्या वर राहिलं तर चांगल्या हृदयाचा स्नायूही दमू शकतो, म्हणून मग त्रास असो-नसो, पाठपुरावा लागतो. त्रास महिन्यातून एखाद्या वेळीच होत असेल तर जास्त दिवसांचं यंत्र मागा. गरज पडल्यास हृदयाची एमआरआय, ईपी स्टडी (हृदयातल्या विजेच्या मार्गांची आतून तपासणी) आणि ती वाकडी वाट जाळून बंद करणारं अ‍ॅब्लेशन, हे पुढचे मुक्काम.

एसव्हीटीचं निदान झालेल्यांना डॉक्टर फुंकताना जोर लावून धडधड थांबवायची युक्ती शिकवतात: १० मिलीच्या सिरिंजमध्ये दट्ट्या हलेल इतक्या जोरानं १५ सेकंद फुंकायचं, लगेच आडवं व्हायचं आणि कुणीतरी पाय वर उचलून धरायचे. ती शिकून घ्या. मानेची शीर चोळण्याचे प्रयोग घरी करू नका.

पायरी ७: पुन्हा चढताना

हिरवा कंदील मिळाल्यावर मी पहिली दहा मिनिटं मुद्दाम रेंगाळत चढतो आणि वर पोचल्यावर लगेच बसत नाही, फेऱ्या मारतो. ठोके कमी झाले आहेत, संपलेले नाहीत. त्यांची सवय झाली.

तापाचा नियम मात्र कडक. अंगात ताप, अंगदुखी असताना ‘घाम काढून ताप घालवतो’ म्हणून पळायला जाऊ नका. फ्लू, कोविड, डेंग्यू अशा आजारांत कधीकधी हृदयाच्या स्नायूलाच सूज येते, आणि सुजलेल्या हृदयाला पळवणं जीवघेणं ठरू शकतं. सूज सिद्ध झाली तर साधारण तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद ठेवायला सांगतात. मॅरेथॉनचं शुल्क भरलेलं असलं तरी.

पायरी ८: सोबतचा कोसळला तर

१२ जून २०२१, कोपनहेगन. युरो स्पर्धेत डेन्मार्क–फिनलंड सामन्यात पूर्वार्ध संपता-संपता २९ वर्षांचा ख्रिश्चन एरिक्सन कुणाचा धक्का न लागता कोसळला. हृदय बंद पडलं होतं. मैदानावरच छाती दाबायला सुरुवात झाली, विजेचा झटका दिला गेला आणि तो शुद्धीवर आला. पुढे छातीत झटका देणारं यंत्र बसवून तो पुन्हा खेळला, आणि २०२४ च्या युरो स्पर्धेत त्यानं गोलही केला. त्याला वाचवणाऱ्या गोष्टी मैदानावर काही पावलांवर होत्या. आतकरवाडीच्या वाटेवर त्या नसतात. असतात ते आपले हात.

म्हणून गटातल्या प्रत्येकानं हे एकदा तरी बाहुलीवर शिकून घ्यावं. हाक मारून, खांदे हलवून माणूस उठत नाही आणि श्वास नीट नाही, तर एकानं १०८ ला फोन करायचा, दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायला लागायचं: पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दमलेले हात उथळ दाबतात. जवळपास एईडी, म्हणजे विजेचा झटका देणारं यंत्र, असेल तर तिसऱ्यानं पळत जाऊन आणायचं. झाकण उघडलं की पुढचं ते यंत्रच बोलून सांगतं, आणि गरज नसेल तर झटका देत नाही. पाणी पाजायचं नाही, कांदा हुंगवायचा नाही, बसवायचं नाही. कोसळलेला माणूस अधूनमधून घरघरल्यासारखा आचका देतो. बघणाऱ्याला वाटतं श्वास चालू आहे. तो श्वास नव्हे. दाबत राहायचं.